गावंडे सरांचं वरण

प्रिय रेवा आणि चिन्मय,

परवा व्हिडिओ कॉलवर चिन्मयने प्रोटीन पावडरचा डबा दाखवला आणि मी हसत सुटले. तो रागावला असणार. म्हणून आमच्या यवतमाळच्या शेजाऱ्यांबद्दल, गावंडे सरांबद्दल, लिहिते आहे.

लोकांच्या खिशाला पेन असतं, सरांच्या खिशाला परीक्षानळी. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले, नळी झाली नाही. कुणाकडे जेवायला गेले की पानातला जरासा पदार्थ नळीत जायचा, त्यावर कॉस्टिक सोडा आणि मोरचुदाच्या पाण्याचे थेंब पडायचे. रंग जांभळा झाला तर प्रथिनं आहेत. नाही झाला तर यजमानीणबाईंचं काही खरं नाही. माझ्या साबुदाण्याच्या पापड्यांना त्यांनी "तळलेली खळ" म्हटलं होतं.

"ज्वारीत लायसिन कमी, तुरीत मेथिओनिन कमी," प्रथिनांतल्या घटकांची नावं घेत ते मला सांगत. "दोघायचं लगन लावून द्या वहिनी, एकमेकाचं उणं झाकून घेतात." शेजारी कुणी नुसता भात-लोणचं खाताना दिसलं की सर दारात हजर. त्यांच्या पत्नी कुसुमताई आतून म्हणायच्या, "लोकायले सुखानं जेवू द्या ना जी."

महागावच्या एका लग्नात त्यांनी पंगतीतलं वरण नळीत घेतलं आणि ते चक्क लाल झालं. वरणात काहीतरी पडलंय म्हणून अर्धी पंगत उठली. सोड्याने हळद लाल होते, हे या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांच्या ऐनवेळी ध्यानातच आलं नाही. मग खात्री पटवायला स्वतः वाट्यांवर वाट्या वरण प्यायले. मुलीचे काका हात जोडून म्हणाले, "सर, आमच्या पोरीचं लगन होऊन राह्यलं, प्रॅक्टिकल नाही."

मग कुसुमताईंची मूत्रपिंडं थकली. डॉक्टरांनी बजावलं, प्रथिनं अगदी मोजकी, नाहीतर डायलिसिस लवकर लागेल. साऱ्या गल्लीला डाळ खायला लावणारा माणूस आता बायकोच्या पानातली डाळ काट्यावर तोलू लागला. आणि कुसुमताईंचा तर वरणभातावर जीव. त्या वैतागून म्हणायच्या, "घरात डाळीवर पहारा बसवला यायनं."

थोड्याच दिवसांत सरांचे सदरे त्यांच्या अंगावर लोंबायला लागले. कुसुमताई माझ्याकडे आल्या. हे माझ्या पथ्याचंच, माझ्याइतकंच खातात, स्वतःसाठी वेगळं काही शिजवू देत नाहीत, म्हणाल्या. "तुमी बोलवा ताई. तुमाले नाही म्हणनार नाही."

मी सरांना जेवायला बोलावलं. लसणाची फोडणी दिलेलं वरण पुढे ठेवलं. सरांनी वाटी जवळ ओढली, वास घेतला आणि हळूच परत सरकवली.

"नको वहिनी."

मी म्हटलं, इथे कोण बघतंय?

"तिचं नाक लय तेज हाये. तोंडाले वरणाचा वास घेऊन घरी कसा जाऊ?"

आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना प्रथिनांवर व्याख्यान दिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या सगळ्या चुका दुरुस्त केल्या आणि नुसता भात खाऊन घरी गेले.

कुसुमताईंना अजून डायलिसिस लागलेलं नाही. दोघं रोज दुपारी सारखंच जेवतात आणि जेवताना भांडतात. ते आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतं.


तुमची आजी