अतिबारीक हळद

परवा नातीनं चेहऱ्याला लावायच्या क्रीमची डबी दाखवली. "आजोबा, यात नॅनो हळद आहे! कण इतके बारीक, की थेट कातडीत शिरतात!"

"पोरी," मी म्हणालो, "हे तुझ्या आजोबानं सत्याऐंशी सालीच करून ठेवलंय!"

बढाई नाही. मी तेव्हा बी.एस्सी. होऊन गंगाखेडच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायचो. ताडकळसला मुलगी बघायला जायचं ठरलं आणि उन्हानं रापलेल्या तोंडाची मला एकदम लाज वाटली. हळद अन् कोरफड तीन दिवस खलात घोटली, धोतराच्या फडक्यातून चारदा गाळली, लोण्यात कालवली. निघताना असा थर दिला, की वडील, माणिकराव, म्हणाले, "लेका, तोंड सारवायलास का भिंत?"

एसटीत त्या लोण्यावर रस्त्यावरची सगळी धूळ येऊन बसली. मुलीच्या दारात बादलीभर पाणी होतं, शेजारी कपड्याचा साबण. मी तोंड खसाखसा घासलं.

"अगं बया! पाव्हण्याचं तोंड रगताळलं!" मुलीची आत्या, दगडाबाई, किंचाळली.

हात बघितले. लालभडक! घाबरून आणखी साबण चोळला. आणखी लाल! शेंदूर फासलेला मारुतीच झालो!

"गोवर हाय! लेकरं आत घ्या!" आत्या.

"पित्त उठलं असंल," मुलीचे वडील किशनराव.

"परतीची गाडी कवा हाय?" हे आमचे वडील, हळूच.

तेवढ्यात जिला बघायला आलो होतो ती सगुणा चिरलेलं लिंबू घेऊन बाहेर आली. "हळदीला साबण लागला की लाल होतंय. लुगड्यावरचे डाग धुताना नेहमीच बघते मी. हे चोळा."

चोळलं. लाली गेली, पिवळाधमक झालो!

"पाव्हणं काय शिकलेत म्हणलात?" किशनरावांनी विचारलं.

वडील जमिनीकडं बघत म्हणाले, "रसायनशास्त्र."

सगुणा चौथी शिकलेली! वडिलांनी घसा खाकरला. "आमाला पोरगी लय पसंत हाय. पोरगा पसंत हाय का, तेवढं तिला इचारा."

सगुणा पदराआडून म्हणाली, "मूळ रंग कोणता हाय, ते कळल्यावर सांगते!"

होकाराचं पत्र आठव्या दिवशी आलं. पिवळेपणा जायला मात्र अकरा दिवस लागले. मग मूळ रंग न बघताच हो कशी म्हणालीस, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. न जाणो, खरं सांगून टाकेल!