मुकुटाच्या खोक्यातले खडू

जगात गुप्तहेर दोन प्रकारचे असतात, असं शिट्टीमास्तरांचं मत होतं. एक, जे पुरावे शोधत हिंडतात. आणि दुसरे, ज्यांच्याकडे पुरावे आपण होऊन चालत येतात. दुसऱ्या प्रकारात त्यांच्या माहितीप्रमाणे सध्या ते एकटेच होते. प्राथमिक शाळेत ते कवायत शिकवत, गळ्यात शिट्टी अडकवून मुलांना डावं-उजवं करायला लावत. पण तो सगळा जगाच्या डोळ्यांवर टाकलेला पडदा होता. त्यामागे एक तल्लख मेंदू दबा धरून बसला होता. इतका दबा धरून, की मुख्याध्यापिकांना तो अजून सापडला नव्हता. मागे शाळेचा फुटबॉल हरवला तेव्हा तो गटारात आहे हे मास्तरांनीच सगळ्यांना सांगितलं. त्याआधी ते स्वतः त्याच गटारात पडले होते, एवढा तपशील ते गाळत.

त्या सकाळी पहिलीच्या वर्गात वाचनाचा समारंभ होता. पहिलीच्या बाईंनी वर्गाला एक रीत घालून दिली होती. जे मूल कुणी न सांगता एक अख्खं पान वाचून दाखवेल, त्याच्या डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट चढायचा आणि त्याने एक हुकूम सोडायचा. हुकूम सगळ्यांनी पाळायचा, बाईंनीसुद्धा. एका पोराने बाईंना व्हरांडाभर लंगडी घालायला लावली होती. एका पोरीने अख्ख्या वर्गाला दिवसभर कुजबुजत बोलायला लावलं, आणि तो दिवस बाई अजून प्रेमाने आठवत असत.

वर्गातल्या एकूण एक डोक्यावर मुकुट चढून उतरला होता. राहिली होती फक्त मुंगी. मुंगी म्हणजे मास्तरांची भाची. अक्षरांवरून बोट फिरवत ती इतकी सावकाश जायची की घरात तिचं नावच मुंगी पडलं होतं. आज पालकांसमोर ती पान वाचणार होती. उद्यापासून सुट्टी, सुट्टीनंतर दुसरी, आणि मुकुट पहिलीतल्या नव्या पोरांचा. आज नाही तर मग कधीच नाही, हे मुंगीला चांगलं ठाऊक होतं. सकाळपासून तिने दूधसुद्धा धड प्यायलं नव्हतं. घरून निघताना ताईने, म्हणजे मुंगीच्या आईने, आपल्या धाकट्या भावाला बजावलं होतं, लेकराचा दिवस आहे, तू कृपा करून कशात नाक खुपसू नकोस. गुप्तहेराला हे सांगणं म्हणजे स्वयंपाक्याला भांड्यांपासून लांब राहा म्हणण्यासारखंच होतं.

पालक यायला थोडा अवकाश असताना बाईंनी कपाटातून ‘मुकुट’ अशी चिठ्ठी लावलेलं लाकडी खोकं काढलं, झाकण उघडलं, आणि त्यांचा चेहरा पडला. खोक्यात खडूचे तुकडे होते. मुकुटाचा पत्ता नव्हता.

मास्तर तेव्हा दारातच उभे होते. म्हणजे त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण पुरावे आपण होऊन येत असल्याने त्यांना आधीच येऊन थांबावं लागे. त्यांनी विज्ञानाच्या कपाटातलं तडा गेलेलं भिंग खिशातून काढलं आणि कुणीही जागेवरून हलू नये असं जाहीर केलं. पहिलीचा वर्ग ताबडतोब सगळीकडे पळाला. बाईंना अजून खुर्च्या मांडायच्या होत्या, पताका बांधायच्या होत्या, आणि दोन पोरांची नाकं पुसायची होती. शिवाय मास्तर एका जागी बसले तर मदतच होईल, असा हिशेब करून त्या म्हणाल्या, तुम्ही बघा जरा.

मास्तर तपासाला बसले. बसायला कपाटाखालचं दुसरं खोकं त्यांनी पुढे ओढलं. त्यावर ‘तुटके खडू’ अशी चिठ्ठी होती, म्हणजे ते तपासाच्या कामाचं नव्हतं, फक्त बसायच्या कामाचं होतं. चिठ्ठी चिकटवणाऱ्याचा हात साफ होता, हेही त्यांनी नजरेने टिपलं. आदल्या दिवशी वर्गाची साफसफाई झाली तेव्हा बाईंनी सगळ्या खोक्यांच्या नव्या चिठ्ठ्या लिहून त्यांच्याकडेच चिकटवायला दिल्या होत्या. त्यांच्या बोटांना कालचा डिंक अजून लागलेला होता आणि भिंग सारखं हाताला चिकटत होतं.

त्यांचा पहिला सिद्धांत असा होता, की खडू ही चोराची सही आहे. सराईत चोर मुकुट नेतो आणि मागे खडू ठेवून जातो, मला पकडून दाखवा म्हणून. पांढऱ्या तुकड्यांत एक गुलाबी होता. यावरून चोर हौशी आहे, हे उघड झालं. मास्तरांनी तो गुलाबी तुकडा हुंगला आणि पुढची काही मिनिटं शिंकण्यात गेली.

मग त्यांचा संशय झाडूवाल्या मावशींवर गेला. पुरावे झाडून टाकायची सोय शाळेत फक्त त्यांच्याकडे होती. त्यात मावशी नेमक्या त्याच वेळी आल्या आणि म्हणाल्या, मास्तर, जरा उठा, खोकं सरकवून खालचा कचरा काढते. मास्तर मनात म्हणाले, सापडली. गुप्तहेराला आसनावरून उठवायचा डाव त्यांनी तिथल्या तिथे ओळखला. ते उठले नाहीत, फक्त दोन्ही पाय वर धरून बसले. मावशींनी जमलं तेवढं झाडलं आणि जाताना, यांना घरी कुणी विचारत नाही वाटतं, असं काहीतरी पुटपुटल्या. हेही मास्तरांनी संशयास्पद मानलं.

तिसरा संशयित होता बोळक्या. पुढचे सगळे दात पडलेल्या या पोराच्या बोटांवर सोनेरी चकाकी होती. मास्तरांनी त्याला समोर उभं करून डोळ्यांत डोळे घातले. बोळक्याने लगेच सगळं कबूल केलं. बहिणीचं चॉकलेट आपण खाल्लं, त्याचा सोनेरी कागद बाकाखाली लपवला, आणि परवा मांजराच्या शेपटीला फीत आपणच बांधली. मुकुटाचं मात्र त्याला काही माहीत नव्हतं. मास्तरांना त्याच्या प्रामाणिकपणाचा राग आला, कारण सिद्धांत फार छान जमला होता.

बाहेर व्हरांड्यात पालकांचे आवाज येऊ लागले. ताई दारात येऊन उभी राहिली. बाईंनी हळू आवाजात तिला सांगितलं, की मुकुट मिळाला नाही तर समारंभ गाणं म्हणून उरकावा लागेल. मुंगीचं वाचन पुढे कधीतरी बघू. मुंगीने ते ऐकलं, आणि पुढे कधीतरी म्हणजे काय हे तिला बरोबर कळलं. ती पुस्तक छातीशी धरून भिंतीला टेकली.

आणि तेव्हाच मास्तरांच्या डोक्यात उजेड पडला. मुकुट नसल्याचा फायदा कुणाला? ज्याला वाचायची भीती वाटते त्याला. सगळ्यात शेवटी कोण राहिलं? सकाळी दूध कुणी टाकलं? सगळी बोटं एकाच दिशेला वळत होती, आणि गुप्तहेराला नातं आडवं येता कामा नये. मास्तर बसल्या जागी ताठ झाले, गळा खाकरला, आणि भर वर्गात म्हणाले, “मुंगे, मुकुट कुठे लपवलास ते सांगून टाक. मामा रागावणार नाही.”

ताईचा चेहरा लाल झाला. बाई हातातली पताका तशीच धरून उभ्या राहिल्या. मुंगीचे डोळे भरले, आणि क्षणभर सगळ्यांना वाटलं की ती आता भोकाड पसरणार. आपण हिला खांद्यावर बसवून शाळेत आणतो आणि आज हे काय बोलून बसलो, असं मास्तरांना वाटून गेलं. पण शब्द तोंडातून निघून गेले होते.

मुंगी रडली नाही. तिने मान खाली घातली, आणि खाली घातलेली मान तिथेच थांबली. ती मामाच्या पायांमधून खोक्याकडे बघत होती. मग सावकाश पुढे आली, खाली बसली, खोक्याच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “मामा, तू मुकुटावर बसलायस.”

मास्तर समजुतीने हसले. हे खडूचं खोकं आहे, चिठ्ठी बघ, असं त्यांनी सांगितलं.

मुंगीने चिठ्ठीवर बोट ठेवलं. बोट सरकत गेलं, तिच्या नेहमीच्या चालीने, पण कुठे अडलं नाही. “तुटके खडू,” तिने वाचलं. “पण हे खोटं आहे. मुकुटाच्या खोक्याचा कोपरा तुटलेला आहे आणि इथे हिरवा रंग सांडलाय.”

बाईंनी तिला विचारलं, तुला एवढं कसं गं माहीत? तेव्हा मुंगी म्हणाली, “दर वेळी दुसऱ्याचा मुकुट निघायचा, तेव्हा मी खोक्याकडेच बघायचे. मुकुटाकडे बघितलं की रडू यायचं.”

ताईने भावाला दंडाला धरून उठवलं. बाईंनी झाकण काढलं. मुकुट आत होता, जसाच्या तसा. खोकं मजबूत होतं म्हणून वाचला. मास्तरांचं वजन गुप्त नव्हतं.

मग बाईंनी शांतपणे विचारलं, “मास्तर, काल चिठ्ठ्या लावताना खोकी उघडून बघितली होती ना?”

मास्तरांना हा प्रश्न थोडा अपमानास्पद वाटला. उघडून तर कुणीही बघेल. त्यांनी दोन्ही खोकी कानाशी हलवली होती. एक खुळखुळलं, म्हणजे त्यात दागिना; एक गप्प राहिलं, म्हणजे त्यात खडू. तर्काला कुठेच छिद्र नव्हतं. हे त्यांनी सविस्तर सांगितलं, आणि ताईने कपाळावर हात मारून घेतला.

समारंभ झाला. मुंगीने पान वाचलं. तिला वेळ लागला, एका ओळीवर ती थांबली, मागे गेली, पुन्हा आली. कुणीही तिला शब्द सांगितला नाही, आणि शेवटचा शब्द संपला तेव्हा वर्गाने इतका दंगा केला की शेजारचा वर्ग दारात जमा झाला. मास्तर कोपऱ्यात उभं राहून डोळे पुसत होते. खडूची धूळ, असं मावशींनी विचारायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं.

मुकुट घालून मुंगीने हुकूम सोडला, की मामाने माझ्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि मागे बघायचं नाही. मास्तर लगेच वळले. पाठीवर एक छोटीशी थाप पडली, मग तळहात घट्ट दाबून आणखी एक. लेकराने माफ केलं, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि त्यांचा ऊर भरून आला. मुकुटाच्या खोक्यावरची ‘तुटके खडू’ ही चिठ्ठी मात्र आता खोक्यावर नव्हती. डिंक चांगला होता.

शाळा सुटताना रोजच्यासारखी पहिलीची रांग फाटकापर्यंत नेण्याचं काम मास्तरांचं होतं. ते पुढे, पोरं मागे. फाटकापाशी पालक उभे होते, आणि मास्तरांना बघून जो तो आदराने हसत होता. प्रकरणाची बातमी पसरली तर, मास्तरांनी ओळखलं. एवढ्यात मागून अख्खी रांग एका सुरात वाचू लागली, “तु-ट-के ख-डू! तु-ट-के ख-डू!”

मास्तरांचं मन अभिमानाने भरून आलं. सुट्टी लागली तरी पोरांचं वाचन सुटत नाही, याला म्हणतात शिक्षण. त्यांनी जोरात शिट्टी फुंकली आणि मागे न बघता फर्मावलं, “शाब्बास. पुन्हा एकदा, मोठ्याने!”

रांगेने पुन्हा वाचलं. सगळ्यात पुढचा, सगळ्यात मोठा आणि अजिबात न अडखळणारा आवाज मुंगीचा होता.