दोन मिनिटांचा थांबा

भानुदास कंट्रोलर यांच्या घराची कडी वाजवायची वेळ आमच्या गल्लीत कुणावरच येत नाही. तुम्ही त्यांच्या ओट्यापासून दहा-बारा पावलांवर असता. दार बंद, खिडक्या बंद, आत अंधार. आणि त्या अंधारातून आवाज येतो, "या मास्तर. दार लोटलेलंच हाय."

पहिल्यांदा हे घडलं तेव्हा मी नुकताच बदली होऊन कळंबला आलो होतो. आदल्या दिवशी त्यांच्याकडं चहा झाला होता, म्हणून बायकोनं शेजारधर्मानं वाटीत शिरा दिला होता. तो आवाज ऐकला आणि मी वाटीसकट परत आलो. बायकोला म्हणालो, "काका झोपलेत." शिरा मीच खाल्ला.

काका तीस वर्षं एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. कुठली गाडी किती वाजता लागली, किती वाजता सुटली, हे लिहिण्यात जन्म गेला. अंगानं काटकुळे, कानावर पेन्सिल, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी खाकी पँट. बायको, सिंधूकाकू, वारलेल्या. घरात एकटेच. न बघता माणूस ओळखायची त्यांची ही विद्या कुठून आली, याबद्दल गल्लीत दोन मतं होती. काही म्हणत, त्यांनी रामलिंगच्या जंगलात कसलीशी साधना केली. समोरच्या शकूमावशी म्हणत, "साधना कशाची? सिंधू उंबऱ्यात बसती आन् सांगती त्येनला, कोण आलं ते." मी विज्ञान शिकवतो, त्यामुळे माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मी फक्त गल्लीच्या पलीकडच्या कडेनं चालायला लागलो. तिकडं सावली असते.

हे कोडं माझ्या विसरभोळेपणानं सुटलं. एका दुपारी त्यांचं वर्तमानपत्र परत द्यायला निघालो आणि फोन घरीच राहिला. ओट्यापर्यंत आलो, आवाज नाही. दार लोटलं, आवाज नाही. काका बाजेवर बसून मोबाइलमध्ये बघत होते. त्यांनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"तुमी कवा आलात?"

"आत्ताच की."

"तुमची नोंद न्हाय," ते हळूच म्हणाले. मग उठून त्यांनी माझं मनगट धरलं. मी त्यांना भीत होतो तोवर ठीक होतं. ते मला भ्यायले हे बघून मात्र मी मनगट सोडवायला बघितलं. मनगट गरम लागल्यावर त्यांनी विचारलं, "फोन कुठंय तुमचा?"

"घरी. चार्जिंगला."

"फोन घेतल्याबिगर फिरत जाऊ नका, मास्तर. जिवाला घोर लागतो."

मग सगळं बाहेर आलं. काकांच्या घरी वायफायचा डबा होता. आलेल्या माणसाला पाण्याच्या आधी पासवर्ड मिळायचा. "आधी नेट घ्या, मग पाणी घ्या," ही त्यांची रीत. आम्ही त्यांच्या दिलदारपणाचं कौतुक करायचो. पण एकदा जोडलेला फोन पुन्हा त्या घराजवळ आला की आपलाआपणच जोडला जातो, आणि कुणाकुणाचा फोन जोडलेला आहे, कुणाला रेंज किती कांड्या आहे, त्याची यादी काकांच्या मोबाइलवर उमटते; कांडी वाढली की तो माणूस ओट्याकडं येतोय. प्रत्येक फोनला त्यांनी नाव दिलेलं होतं. 'मास्तर'. 'मास्तरीणबाई'. 'शकूचा जावई (दुसरा)'. शेजारी लांबट रजिस्टर, आगमन आणि निर्गमन असे दोन रकाने.

"सोमवारी तुमी सात पंचविसाला निघालात," काका पान उलटत म्हणाले. "शाळा साडेसातची. गाडी लेट."

हेडमास्तरांना ठाऊक नव्हतं ते या माणसाच्या पेन्सिलीला ठाऊक होतं. त्या दिवसापासून मी वेळेवर निघायला लागलो.

भुताचा प्रश्न मिटला असं मला वाटलं. पण दोन गोष्टी मिटेनात.

एक म्हणजे तो डबा ठेवायची जागा. कुणीही शहाणा माणूस वायफाय पुढच्या खोलीत लावेल. काकांनी तो सगळ्यात मागच्या, अडगळीच्या खोलीत, ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीवर ठेवला होता. कोठी होती मागच्या दाराला टेकून, त्यामुळे ते दार कायमचं बंद. दारापलीकडं येडशीचा रस्ता. पुढच्या खोलीत रेंजच्या जेमतेम दोन कांड्या, समोर माझ्या घरात एकच. फोन जोडला जायचा, पण क्रिकेट लावलं की बॉलर धावत निघायचा आणि तसाच गोठायचा. हो, मी त्यांचंच नेट वापरत होतो. असा शेजारी असताना वेगळं कनेक्शन घेणं मला उद्धटपणाचं वाटलं.

दुसरी गोष्ट मंगळवारची. दर मंगळवारी चारच्या सुमाराला काका त्या मागच्या खोलीत जात आणि दार लावून घेत. त्या वेळी कुणीही आलं तरी त्यांची हाक येत नसे. एका मंगळवारी मी आत गेलो आणि नको तो उद्योग केला. दाराच्या फटीला डोळा लावला.

आत काळोख. कोठीवर हिरवे दिवे लुकलुकत होते. समोर स्टुलावर काका, तीर्थ घ्यावं तसा मोबाइल दोन्ही तळव्यांवर धरलेला. हलत नव्हते. जरा वेळानं मोबाइलच्या यादीत खाली एक ओळ उमटली. तिला नाव नव्हतं, नुसती अक्षरं आणि आकडे. काकांची पापणी लवली नाही. दोन मिनिटांनी ती ओळ विझली. त्यांनी छातीत कोंडलेला श्वास सोडला आणि रजिस्टरमध्ये लिहिलं.

ते चहा टाकायला गेले तेव्हा मी रजिस्टर चाळलं. दर मंगळवारी आगमन चार बारा, निर्गमन चार चौदा. नावाची जागा कोरी. शकूमावशीच्या दुसऱ्या जावयालाही नाव देणारा माणूस इथं सव्वादोन वर्षं जागा कोरी सोडत होता.

पुढच्या मंगळवारी चार वाजून बारा मिनिटांनी मी मुद्दाम गल्लीत उभा राहिलो. या टोकापासून त्या टोकापर्यंत कुणी नव्हतं. ऊन चटचटत होतं आणि माझ्या हातावर काटा होता. शकूमावशी दारातून म्हणाल्या, "आली का?"

"कोण?"

"सिंधू. मंगळवारीच गेली हुती ती."

मी त्यांना सांगितलं की मी विज्ञान शिकवतो. आणि घरात जाऊन आतून कडी लावली.

यानंतर मी जे केलं ते भीतीपोटी केलं असं सांगायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मी ते क्रिकेटपोटी केलं.

काका हयातीच्या दाखल्यासाठी धाराशिवला गेले आणि टाकी भरायला म्हणून किल्ली माझ्याकडे देऊन गेले. मी मोटर चालू केली आणि विचार केला, एवढ्यात तो डबा पुढच्या खोलीत आणून बघू. ओढाओढीत वायर निघाली, परत खोचली, तर दिवे लाल. एका व्हिडिओत एक गृहस्थ सांगत होते की मागच्या बारीक भोकात पिन घालून दाबून धरा. मी बायकोची केसातली पिन घातली. दिवे हिरवे झाले. डबा जन्मल्यासारखा कोरा झाला आणि मला नवं नाव, नवा पासवर्ड विचारायला लागला. इतका मान मला शाळेतही कुणी देत नाही. मी नाव ठेवलं 'गुरुकृपा'. पासवर्ड असा अवघड ठेवला की तो मलाच तीनदा चुकला.

काका परत आल्यावर मी त्यांना नेटच्या सुरक्षिततेवर छोटंसं भाषण दिलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, डबा उचलला आणि मागच्या खोलीत कोठीवर नेऊन ठेवला. "नाव कायबी ठेवा, मास्तर. जागा हलवायची न्हाय." मला थोडा रागच आला. पण गल्लीतल्या सगळ्यांना नवा पासवर्ड वाटण्याचं काम माझ्याकडं आलं, त्यात मी रमलो.

मंगळवार आला. काका खोलीत गेले ते अंधार पडेपर्यंत बाहेर आले नाहीत. पुढचा मंगळवारही तसाच गेला. त्या दिवसापासून घरातून हाक येणं थांबलं. लोक ओट्यासमोरून जायचे, दबकून चालायचे, आणि काहीच यायचं नाही. ही शांतता त्या आवाजापेक्षा वाईट होती.

बुधवारी मी कडी वाजवली. काकांनी दार उघडलं. दाढी वाढलेली, कानावर पेन्सिल नाही.

"मास्तर," ते म्हणाले, "ती गाडी बंद झाली."

"कुठली गाडी?"

ते बाजेवर बसले.

"माझी वैशाली. नर्सिंगला हुती तवा तिनंच हा डबा बसवला. नाव तिनंच टाकलं, पासवर्ड तिचाच. मग तिनं आपल्या मनानं लग्न केलं. म्या म्हणलं, ह्या घराला आता तुझा थांबा न्हाय. तिचं नाव ह्या घरात कुणी काढायचं न्हाय." त्यांनी मागच्या खोलीकडं बोट केलं. "येडशीला असती. दर मंगळवारी हितं दवाखान्याच्या मीटिंगला येती. जाताना येडशी गाडी ह्या भिंतीमागं थांबती. चार बारा ते चार चौदा. एक दिवस यादीत तिचा फोन दिसला. जुनाच नंबर, म्या वळखला."

"मग त्याला नाव का नाही दिलंत?"

"नाव काढायचं न्हाय आसं म्याच म्हणलो हुतो की. मग लिहू कसं?"

त्यांनी बाजेवरचा मोबाइल हातात घेतला.

"फोनमधनं आपलं घर पुसायला एक बोट लागतंय, मास्तर. येवढे दिवस तिनं पुसलं न्हाय. दर मंगळवारी बघायचो, न्हाय पुसलं. आता पुसलं."

तिनं काहीच पुसलं नव्हतं. तिचा फोन दर मंगळवारी भिंतीपलीकडं जुनं नाव शोधत होता, आणि ते नाव मी क्रिकेटसाठी बायकोच्या पिनेनं खरवडून टाकलं होतं. मी हे त्यांना सांगितलं. नीट, सावकाश, पहिलीच्या वर्गाला सांगावं तसं.

काका म्हणाले, "मास्तर, शाळेत तुमाला पगार कशाचा देत्यात?"

जुनं नाव आणि पासवर्ड सबंध गल्लीला पाठ होता. मी दोन्ही होतं तसं परत टाकलं, अक्षर न अक्षर तीन जणांकडून तपासून घेतलं. मग मंगळवारची वाट बघत सहा दिवस गेले. काकांनी रजिस्टर उघडलं नाही. त्यांची भीती मला कळत होती: या मंगळवारीही ओळ उमटली नाही, तर मग ते माझं काम नसणार, तिचंच असणार.

मंगळवारी चारच्या आधीच मी त्यांच्याकडं गेलो. दोघं काळोखात बसलो. हिरवे दिवे लुकलुकत होते आणि मला पहिल्यांदाच त्यांचा आधार वाटत होता. चार बाराला भिंतीमागं ब्रेक करकरले. मोबाइलवर ओळ उमटली, तीच अक्षरं, तेच आकडे.

"आली," काका म्हणाले. एवढंच.

चार चौदाला कंडक्टरनं डबल बेल दिली. गाडी सुटली, गिअर बदलत येडशीच्या दिशेनं लांब गेली, आणि तिचा आवाज विरला.

ओळ तिथंच होती.

काकांनी घड्याळ बघितलं. चार पंधरा. "हे अडकलं का, मास्तर?"

मी यादी वरून खाली ओढली, पुन्हा ओढली. ओळ परत परत येत होती. चार सोळा. बाहेर गाडी नाही, माणसाची चाहूल नाही. या वेळी मी विज्ञानाचं नाव काढलं नाही.

मग कोठीच्या मागून, कित्येक वर्षं न उघडलेल्या त्या दारावर, थाप पडली.

"बापू." बाईचा आवाज, धाप लागल्यासारखा. "दोन मंगळवार तुमचं नेट दिसलं न्हाय. बरे हाव ना?"

काकांनी कोठीला खांदा लावला. कोठी ज्वारीनं गच्च भरलेली, एकट्यानं हलणारी नव्हती. मी दुसरीकडून रेटा दिला. ती वीतभर सरकली आणि डब्याची वायर ताठ झाली.

"काका, वायर," मी म्हणालो. "थांबा, मी नीट सोडवतो."

त्यांनी हात घालून वायर उपसली. हिरवे दिवे गेले. खाली पडलेल्या मोबाइलवरची यादी रिकामी झाली. काकांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. आम्ही दोघं कोठी बाजूला रेटत होतो, आणि बाहेरून ती दार आत ढकलत होती.