अत्यंत गोपनीय विमा-मार्गदर्शन

दाराला आतून कडी. टेबलावर टिश्यूचं खोकं.

चौऱ्याऐंशी बंद लिफाफे, प्रत्येकात एकच मजकूर: "ओळखपत्र आणि नोकरीला लागल्याची तारीख घेऊन एकटे या. कुठे बोलू नका."

पॅकिंगचा मुकादम. पाच मुलं, सात नातवंडं.

भिंगं तपासणाऱ्या बाईंच्या पर्समध्ये दवाखान्याचा कागद: विम्याच्या अर्जावर कारखान्याची सही शुक्रवारी पाचच्या आत, नाहीतर उपचार चार महिने पुढे.

हे सगळं एकाच योजनेत कसं बसतं, ते चष्म्याच्या कारखान्यातल्या मनुष्यबळ अधिकाऱ्याला विचारा! पोटात गेलेली गोष्ट कधी बाहेर येत नाही, म्हणून सगळे त्याला तिजोरी म्हणत. मूल होण्यासाठीचे उपचार आता कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्यात बसत होते, आणि ते सगळ्यांना समजावून सांगायचं काम तिजोरीकडे आलं होतं.

"कोणाला गरज आहे हे कोणालाही कळणार नाही," त्यानं बायकोला छाती फुगवून सांगितलं. "मी सगळ्यांनाच बोलावणार. एकेकाला!"

"आणि जिला खरंच घाई आहे तिला?"

"तिला नंबराप्रमाणे!"

मंगळवारी सुरुवात झाली. आत गेलेला माणूस अर्ध्या तासानं बाहेर येई आणि "काही नाही, काही नाही" म्हणत सटके, कारण तिजोरीनं शपथ घातलेली, आणि त्याच्या आडून आडून बोलण्यातून धड काही कळलेलंही नसे. टिश्यूचं खोकं मात्र दार उघडताना सगळ्यांना दिसे. दुपारपर्यंत कारखाना एकच गोष्ट बोलत होता: नोकऱ्या जाणार!

मुकादम आत आला तो हात जोडूनच.

"साहेब, वय झालंय, मान्य. पण अजून दम आहे माझ्यात!"

"अरे वा! मग मूल हवंय?"

"पाच आहेत की!"

"वयाची अट तुम्हाला नाहीये. बायकोला आहे."

"तिलाही काढणार? अहो, ती तर घरी असते!" आणि मुकादमानं अर्धं खोकं रिकामं केलं.

बुधवारी भिंगं तपासणाऱ्या बाई आल्या. "साहेब, माझा नंबर अठ्ठ्याहत्तरावा. मला आजच सही द्या. सहा वर्षं वाट बघतेय."

"हळू बोला! मधेच आलात तर लोक ओळखतील."

"ओळखू देत!"

"तुमच्या भल्यासाठीच सांगतोय, ताई," म्हणत तिजोरीनं त्यांना प्रेमानं बाहेर काढलं.

शुक्रवारी साडेचारला यंत्रं थांबली. अख्खा कारखाना तिजोरीच्या दारात!

"किती जण जाणार ते सांगा!" मुकादम गरजला.

"सांगता येणार नाही! गोपनीय आहे!"

मग तर आगीत रॉकेलच. कोणीतरी दाराला धक्का दिला, कडी तुटली, आणि तिजोरी टेबलाखाली. तेवढ्यात बाई भिंगांच्या खोक्यावर चढल्या.

"कोणाची नोकरी जात नाहीये! मूल होण्याच्या उपचारांचा विमा आहे, आणि तो मला हवाय. साहेब, वर या. पेन घ्या!"

चार पन्नासला सही झाली.

मग मागून एक आवाज: "दुसऱ्यांदा करावं लागलं तर मिळतं का हो?" दुसरा: "नवऱ्याच्या तपासण्या धरतात?" प्रश्नांचा नुसता पाऊस! तिजोरी भिंतीकडे तोंड करून उत्तरं देऊ लागला, म्हणजे कोण विचारतंय ते निदान त्याला तरी कळू नये.

हे सगळं सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, सोमवारीच, विमा कंपनीनं कारखान्यात लावण्यासाठी चाळीस रंगीत पोस्टरं पाठवली होती. तिजोरीनं ती कपाटात ठेवून कुलूप घातलं होतं.