आजचा तोडा

आमचे गुलाबकाका मोजे हातात घालतात. पायात घातलेले मी कधी पाहिले नाहीत. पोराचे शाळेतले जुने पांढरे मोजे, इलास्टिक केव्हाच गेलेलं, म्हणून मनगटाशी सुतळीनं बांधलेले. पहाटे वावरातून परतताना साडेपाचला हे गृहस्थ तसेच दार ठोकतात तेव्हा नवख्या माणसाला वाटावं, कुस्तीचं आव्हान द्यायला आलेत. कारण साधं आहे. भेंडी तोडताना हातांना खाज सुटते, आणि थंडीचे दोन-तीन महिने सोडले तर काकांच्या वावरात भेंडीच असते.

आंजीला त्यांच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत मी भाड्यानं राहतो आणि रोज मोटारसायकलनं सेवाग्रामला जाऊन दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासतो. मी डॉक्टर नाही हे काकांना निदान दहादा सांगून झालं.

"रक्त पाह्यतं ना तू? मंग डाक्टरच," म्हणाले. विषय संपला.

माझं एक जुनं दुखणं होतं. मला विज्ञानकादंबरी लिहायची होती. बारा वर्षं लिहायची होती! घरात अकरा वह्या होत्या आणि प्रत्येकीत पहिली चार पानं. दर वहीत यान सुटायचं, ते पोहोचायचं मात्र कुठंच नाही. एकदा वाळवी लागली म्हणून त्या वह्या अंगणात उन्हाला टाकल्या, तर काका येऊन उकिडवे बसले आणि एकेक उलटून पाहू लागले.

"हे काय होय?"

मी लाजत लाजत सांगितलं.

"रोज लिहितं?"

"रोज कसं जमेल काका? मूड लागतो. वेळ लागतो. कधी सुचतं, कधी नाही."

काकांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी बियाणंच भाजून खाल्लं होतं.

"डाक्टर, भेंडी मूड पाह्यते का? एक पाळी चुकली का निबर होते. अन् निबर भेंडी झाडावर राह्यली, का झाडाले वाटते आपलं काम झालं. मंग ते फूलच धरत नाई. तुह्या ह्या अकरा वह्या म्हणजे निबर झाडं होत."

मी म्हटलं, पण वाईट लिहिलं गेलं तर?

"किडकी भेंडीबी तोडाच लागते. फेकून दे, पण तोड."

भेंडीच्या एका तोडणीला तोडा म्हणतात. काकांनी वावराचे दोन तुकडे केलेत, एक विहिरीकडचा, एक रस्त्याकडचा. आज हा, उद्या तो, म्हणजे तोडा रोजच. दुसऱ्या दिवसापासून माझाही सुरू झाला. साडेपाचला दारावर थाप आणि प्रश्न, "आजचा तोडा?" मी एक पान द्यायचं. काका ते घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवी सदऱ्याच्या खिशात ठेवणार, आणि माझ्या हातावर ओंजळभर भेंडी टाकून वर्ध्याच्या बाजाराला निघणार.

पहिल्या आठवड्यातच मी दांडी मारली. म्हटलं, आज नाही झालं. काका रागावले नाहीत. माझ्या ओट्यावर बसले. नुसते बसले! बाहेर मालाचा ऑटो उभा, त्यात काकांची भेंडी आणि आणखी चौघांची वांगी-टमाटर. ऑटोवाला हॉर्न मारून दमला, मग उतरून आला.

"काऊन बसले काका?"

"डाक्टरचा तोडा नाई झाला."

"लिवून टाका ना बाप्पा डाक्टर काहीतरी! लिलाव निंघून जाईन तिकडं!"

आता सांगा, कुठल्या लेखकावर अशी वेळ आली असेल? तोंडात ब्रश तसाच ठेवून मी पाऊण पान खरडलं. त्यात माझी नायिका कमांडर वैदेही मंगळावर उतरली. बारा वर्षांत माझं यान पहिल्यांदा कुठंतरी पोहोचलं, ते ऑटोवाल्याच्या शिव्यांवर.

मग रोजचं सुरू झालं. काका पान न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पानाबरोबर शंकाही घेऊन यायचे.

"तिथं वावर केलं म्हणतं, मंग धुरा कोणाचा? बांधाले शेजारी कोण?"

"काका, मंगळावर शेजारी नसतो."

"मंग ती भांडते कोणाशी? माणूस याडं होईन ना एकटं."

त्यांच्यासाठी मला तिथं एक शेजारचा तळ उभारावा लागला. वैदेही गोळ्या खाऊन जगते, हे तर त्यांनी साफ नाकारलं. "गोळीवर मजुरी होते का? भाकर दे तिले." दिली. एकदा मी लिहिलं की मंगळावरून निरोप पृथ्वीवर पोहोचायला वीस मिनिटं लागतात, आणि उत्तर यायला पुन्हा वीस. मला वाटलं, आता शंका येणार. काकांनी त्या ओळीवरून पुन्हा बोट फिरवलं.

"चाळीस मिनिटात उत्तर येते?" म्हणाले. "लवकर येते बाप्पा."

मी हसलो. मला ती गंमत वाटली. तेव्हा मला काय ठाऊक!

असे पाच-सहा महिने गेले. पानांचा गठ्ठा झाला. त्यातला एक भाग मी नीट उतरवून काढला आणि एका मासिकाच्या स्पर्धेला पाठवला. उत्तर आलं, दोनच ओळींचं. कथा बरी आहे, पण अंतराळवीर शेतीविषयी विनाकारण फार बोलतात.

माझं डोकंच फिरलं. सकाळी काका मोजे घालून दारात उभे, आणि मी नको ते बोललो. "बस करा काका तोडा! तुमच्यापायी माझ्या यानाचं वावर झालं. भेंडीतलं तुम्हाला समजतं, तेवढंच पाहा."

काकांनी मान हलवली. "बरं," म्हणाले आणि गेले. पुढचे नऊ दिवस थाप नाही. ओट्यावर ओंजळभर भेंडी तेवढी रोज ठेवलेली असायची. मी ती उचलायचो, भाजी करायचो, आणि वहीला हात लावायचो नाही. लाज वाटत होती, पण माफी मागायला तोंड उघडेना.

नववा दिवस रविवार. मला सुट्टी. दुपारी एकच्या सुमाराला आडवा झालो होतो, तर भिंतीपलीकडून काकांचा वाचण्याचा आवाज आला. ओळीखाली बोट ठेवून, एकेक शब्द सुटा करत.

"कमांडर, वैदेहीनं, बटन दाबलं. पण लाईन गेलती."

मी उठून बसलो. हे मी लिहिलं नव्हतं!

बाहेर येऊन पाहतो तर काका अंगणात लिंबाच्या झाडाखाली बसलेले, समोर पेल्याला टेकवून उभा केलेला फोन आणि मांडीवर शाळकरी वही. फोनमधून हसण्याचा आवाज येत होता. पुण्याच्या कारखान्यात असलेला त्यांचा मुलगा प्रमोद. त्याची जेवणाची सुट्टी.

"बाबा, खरं सांगा. हे डॉक्टरनं नाई लिहिलं. नऊ दिवसापासून तुमीच लिहून राह्यले ना?"

"तुले कसं समजलं?"

"मंगळावर थ्री फेज लाईन फक्त रातच्यालेच येते का बाबा? अन् ती कमांडर हातात मोजे घालून फिरून राह्यली!"

काका चोरी सापडल्यासारखे वही मिटायला लागले.

"मिटू नका," फोन म्हणाला. "दहा मिनिटं हायेत अजून. लाईन गेली, मंग?"

मग काकांनी वही पुन्हा उघडली. मी दाराआड उभा राहून ते पान शेवटपर्यंत ऐकलं. फोन बंद झाल्यावर त्यांच्यापुढं जाऊन बसलो. ते वही मांडीखाली लपवत होते.

"तुह्यी कथा खराब नाई केली डाक्टर," घाईनं म्हणाले. "बाजूच्या बाजूनं लिहिलं."

"काका, हे रोज चालतं?"

"तू सेवाग्रामले राह्यतं ना यावेळी. रविवारी मी वावरातून बोलतो, आज वाटलं तू झोपला." मग मोज्यांच्या सुतळीशी चाळा करत हळूहळू बोलले. "तुह्यी काकू होती तवा फोन तिच्या हातात राहे. मी मांगून ओरडू, जेवला का विचार. ती गेली अन् फोन माह्या हातात आला. तो म्हणे जेवले का, मी म्हणो जेवलो. मंग दोघंबी गप. मले कायबी सुचे नाई. पंधरा-पंधरा दिवस फोन नाई येत होता. ज्या दिवशी तुह्यं पयलं पान नेलं, त्या दिवशी म्हटलं त्याले तेच वाचून दाखवावं. तं दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन. पुढं काय झालं म्हून."

चाळीस मिनिटं लवकर का वाटली, ते मला आत्ता कळलं. मी त्यांचे हात धरले आणि म्हटलं, काका, चुकलं माझं. मला वाटायचं, हा माणूस माझ्याकडून पानं वसूल करतो. बारा वर्षांत मला माझ्या पानाची वाट पाहणारं कुणी मिळालं नव्हतं. तुम्ही मला दोघं दिलेत, एक तुम्ही आणि एक प्रमोद.

"काय बोलून राह्यला बे," काका म्हणाले आणि नाक पुसलं.

हट्टानं ती वही मागून घेतली. मोठी मोठी अक्षरं, खाडाखोड भरपूर. नऊ दिवस, नऊ पानं. एकही खाडा नाही. वैदेहीनं मंगळावर भेंडी लावली होती आणि शेजारच्या तळावरच्या माणसाला ओंजळभर नेऊन देत होती, तो तिच्याशी बोलत नव्हता तरी. त्यांच्या नवव्या पानाची शेवटची ओळ घेतली आणि तिथूनच पुढं लिहायला लागलो.

सोमवारी मी पाचलाच उठलो. थापेची वाट न पाहता काकांच्या दारात जाऊन उभा राहिलो. ते हातात मोजे घालून वावरातून येतच होते.

"काका," मी म्हटलं, "आजचा तोडा?"

ते थबकले. मग एका हाताचा मोजा दातानं ओढून काढला, सदऱ्याच्या खिशातून घडी केलेलं पान काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

"किडकं हाय," म्हणाले. "पण तोडलं."