लाल ट्रॅक्टरवरचा नारळ

शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता वेणूने लाल ट्रॅक्टरच्या पुढच्या लोखंडी पट्टीवर नारळ फोडला. ट्रॅक्टर अजून विकत घेतलेला नव्हता.

वर्ष १९५८. तिचा नवरा बळीराम याच्या खाडीकाठच्या शेतात आदल्या भादव्यात बांध फुटून खारे पाणी शिरले होते. माती विटेसारखी झाली; बैलांचा नांगर तिच्यात शिरेना. पाऊस पंधरा दिवसांवर आला होता. तोवर जमीन उकलली नाही, तर हेही वर्ष भाताविना जाणार होते. पनवेलात दयारामशेटच्या आवारात दोन जुने ट्रॅक्टर विकायला होते, एक लाल आणि एक करडा.

निवड हायम मिस्त्री करणार होता. शुक्रवारी त्याने करडा तपासला, "हा चालेल," म्हणाला आणि सूर्य कलताच हात पुसून निघाला. हायम ज्यू; शनिवारची दिवेलागण होईपर्यंत ज्यूंना काम वर्ज्य.

"लालला मी हात लावलेला नाही. रविवारी बघू. तोवर कोणी काही बोलू नका," त्याने बजावले.

वेणू बोलली नाही. तिने फक्त पूजा केली.

"अगं, इचारायचं तरी!" बळीराम ओरडला.

"शेट बोलला, दुपारी उरणचं गिऱ्हाईक येतंय. दोनात हा नटलेला दिसला."

"नवरी बघाया आलीस काय?"

"मला तुमी अशीच बघून नेलीत. फसलात काय?"

"पूजा झाली म्हणजे सौदा झाला," दयाराम म्हणाला. "कुंकू लागलेली वस्तू कोणी टाकून जातं का?" जमलेल्यांनी माना डोलावल्या. पंचाईत ही, की बळीरामचीही डोलली. शकुन म्हणून दयारामने लालचे इंजिन सुरू केले आणि ते बंद होऊ दिले नाही.

बळीराम हायमच्या घरी धावला. दारात त्याची बायको मिरियम उभी होती. "आज यांच्यापुढे यंत्राचं नाव काढायचं नाही, भाऊजी."

"यंत्राचं नाय, वहिनी. वेणूनं नारळ फोडला, येवढंच सांगाया आलो."

"कशावर?" आतून हायमने विचारले.

"ते आज बोलता येत नाय."

हायम टोपी घालून बाहेर आला. "मिरियम, मी जरा पाय मोकळे करून येतो."

आवारात तो हात पाठीशी बांधून उभा राहिला. इंजिन तापले होते. लालच्या नाकाखालून पांढरा फेस निघाला, कुंकवावरून ओघळला आणि थेट वेणूच्या पूजेच्या ताटात पडला.

"नारळानं फोडलंत तुम्ही!" दयाराम ओरडला.

"नारळात साबण नसतो, दयारामशेट," हायम म्हणाला. इंजिनाचे पाणी गार करणाऱ्या रेडिएटरची चीर साबणाने बुजवली होती. पाणी तापताच साबण सुटला. एवढेच बोलून तो फिरायला पुढे निघून गेला.

लालचा सौदा तिथेच मोडला; रविवारी करडा घेतला. पावसाआधी शेत उकलले, भात उभे राहिले. बळीरामने पहिली कणसे हायमकडे नेली.

"मी तर त्या दिवशी कामच केलं नाही," हायम म्हणाला. "वेणूवहिनींना द्या."

वेणूने ती घेतली नाहीत. "मला कुठं काय कळलं? ज्यानं सांगितलं, त्याला घाला."

दसऱ्याला तिने कणसांचे तोरण लाल ट्रॅक्टरच्या नाकावर बांधले. दयारामने ते अजून काढलेले नाही. लाल विकलाही गेलेला नाही.