अण्णांनी केलेलं बाळंतपण

माझं पहिलं बाळंतपण माझ्या वडिलांनी केलं. हे वाक्य मी कुठेही उच्चारलं की समोरची बाई आधी हसते, मग थांबते आणि जरा हळू आवाजात विचारते, "म्हणजे, आई...?"

आई त्याआधीच गेली होती. माझ्या सासूबाई पिंपळगाव बसवंतच्या, मनानं मोठ्या. ओटीभरणाच्या दिवशीच त्यांनी अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं, "पोर आमच्याकडंच राहू द्या. घरात बाया हे. तुम्ही बाप्या माणूस, तुम्हाला नाय जमायचं."

अण्णांनी हात जोडले. "विहीणबाई, रीत ती रीत. पहिलं बाळंतपण माहेरी."

"अहो, पण माहेरी हे कोण आता?"

"मी आहे की," अण्णा म्हणाले. सासूबाईंनी पदराला डोळे पुसले आणि पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातात दिला.

अण्णा सातपूरच्या एका कारखान्यात सेटर होते. सेटर म्हणजे मशीन लावून देणारा; ते चालवणारा ऑपरेटर वेगळा. माल बिघडला की साहेब ऑपरेटरच्या अंगावर धावून जायचे आणि अण्णा मधे उभे राहायचे. "ऑपरेटरला बोलायचं नाही. आधी सेटिंग बघा." निवृत्त झाले तेव्हा कारखान्यानं त्यांना शाल दिली, आणि हे वाक्य ते स्वतःहून घरी घेऊन आले. शेजारच्या काकूंचा ढोकळा बसला की अण्णा काकांना दम देणार, "त्यांना बोलायचं नाही. सेटिंग." एकदा समोरच्या घरातलं नवराबायकोचं भांडण रस्त्यापर्यंत ऐकू आलं, तेव्हा हे गच्चीतून ओरडले, "अरे, दोघंही ऑपरेटर आहात तुम्ही! सेटिंग बघा!" भांडण थांबलं, पण त्या घराशी आमचं बोलणंही बरेच दिवस थांबलं.

तर अशा माणसानं बाळंतपणाची तयारी आरंभली. बाजाराला ते स्वतः जात. बाळंतशेपा, डिंक, अळीव, खारीक. दुकानदारानं सहज विचारलं, "बाळंतीण कोण?" तर म्हणाले, "सध्या सगळं मीच बघतोय." डिंकाचे लाडू त्यांनी असे वळले की एक हातातून निसटला तो फरशीवर आपटून शाबूत राहिला. माझ्या खोलीला दाराऐवजी जाड पडदा लावला, म्हणजे हाक ऐकू येईल. आणि पडद्यापाशी येण्याआधी ते स्वयंपाकघरापासूनच खाकरत येत. त्यांना दम्याचा त्रास आहे, अशी मालिशवाल्या मावशींची बरेच दिवस समजूत होती.

एकच गोष्ट अण्णांना जमत नव्हती. 'पाजणं' हा शब्द त्यांच्या तोंडून निघेना. बाहेरून विचारायचे, "तिकडचं काम कसं चाललंय?"

तिकडचं काम बिलकूल चालत नव्हतं. मुलगी झाली, गोरीगोमटी, जावळ भरपूर. पण अंगाशी घेतली की दोनचार वेळा ओढायची, सोडायची आणि लालबुंद होऊन रडायची. मला चिरा पडल्या. तिनं तोंड लावलं की कळ थेट खांद्यापर्यंत जायची. तिच्या रडण्याचा आवाज आला की मी डोळे मिटून पडून राहायचे. आपल्याच लेकराची भीती वाटते हे कुणाला सांगणार? नवरा रविवारी यायचा, त्यालाही मी "ठीक आहे" म्हणायचे. अंगावर पाजणं म्हणजे बाईला आपोआप येणारी गोष्ट, असंच मी धरून चालले होते. मला ती येत नव्हती आणि माझी मला लाज वाटत होती.

बघायला येणारी प्रत्येक बाई एकच विचारायची, "दूध आहे ना गं अंगावर?" हे अण्णांनी ऐकलं आणि निदान करून टाकलं: सप्लाय कमी आहे. मग काय विचारता! सकाळी अळिवाची खीर, दुपारी शतावरी घातलेलं दूध, संध्याकाळी मेथीचा लाडू. पडद्याखालून वाटी आत सरकायची. मी खायचे, छाती आणखी दगडासारखी व्हायची आणि मुलगी आणखी उपाशी राहायची.

सिन्नरहून अण्णांची थोरली बहीण आली. आत्यानं बाळाला मांडीवर घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि निवाडा दिला. "वरचं दूध लावा सरळ. हिच्या आईला तरी कुठं आलं होतं? खाण तशी माती."

पलीकडे अण्णांच्या हातातलं भांडं वाजलं. ते आले. त्या दिवशी खाकरलेसुद्धा नाहीत.

"ताई, ऑपरेटरला बोलायचं नाही," ते म्हणाले.

"आं? कोण ऑपरेटर?" आत्याला काही उमजेना. पण भावाचा चेहरा तिला वाचता येत असावा. तिनं बाळाला परत माझ्याकडे दिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं परत गेली. अण्णांनी तिला स्टँडवर सोडलं, सोबत लाडू दिले. लाडू देण्यात राग होता की प्रेम, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तपासणीला गेलो तर बाळाचं वजन घटलेलं. डॉक्टरबाई गंभीर झाल्या. म्हणाल्या, असंच राहिलं तर हिला दाखल करावं लागेल. मग त्यांनी आतल्या खोलीत नेऊन मला पाजायला सांगितलं आणि शांतपणे पाहिलं. "दूध भरपूर आहे तुला. इतकं दाटलंय की तिला धरताच येत नाही. ती नुसतं टोक धरते. म्हणून तुला चिरा, आणि तिच्या पोटात काही नाही. आधी हातानं थोडं काढायचं, मऊ पडलं की तिचं तोंड मोठं उघडू द्यायचं आणि मग जवळ घ्यायचं. तोवर काढलेलं दूध कुणीतरी वाटीचमच्यानं पाजा. तेही पुरलं नाही तर वरचं देऊ, त्यात कमीपणा नाही."

हे त्यांनी बाहेर अण्णांनाही सांगितलं. अण्णा ऐकून बाकावर बसलेच. "म्हणजे सप्लाय नव्हताच कमी. पकड बसत नव्हती," ते म्हणाले. "जन्मभर पोरांना ओरडलो, मशीनमधला जॉब पकडीत नीट बसलाय का बघा, नुसता माल ढकलू नका. आणि घरी मी काय केलं? खीर ढकलत बसलो." डॉक्टरबाईंना हसू आवरेना. अण्णा मात्र हसत नव्हते.

घरी येताच त्यांनी मापं घेतली. माझी नव्हे, खुर्चीची. फोम आणला, कापला, त्यावर आईच्या जुन्या सुती साडीची खोळ शिवून बाळाखाली घ्यायची उशी केली. पायाखाली पाट आला. मी बाळाला घेऊन बसले की बाहेरून विचारणा व्हायची, "उंची बरोबर आहे? दोन सूत वर घेऊ का?" सूत हे कारखान्यातलं माप, इंचाचा आठवा भाग. मीही मग सांगायला लागले, "एक सूत खाली, अण्णा." उशी बाहेर जायची, सुधारून आत यायची. वाटीचमच्याचं काम त्यांच्याकडे होतं. मांडी घालून, नातीला उभट धरून, थेंबही न सांडता ते पाजत. तेव्हा कुणी बोललेलं त्यांना खपत नसे.

पुढे पकड बसली. एका दिवसात नाही, हळूहळू. मधे काही दिवस वरचं दूधही द्यावं लागलं. आज पोरगी घरभर रांगते. पण मला सांगायची आहे ती त्याआधीची एक दुपार.

त्या दुपारी मुलीनं तोंडच लावलं नाही. वळून वळून रडत राहिली. मी तिला अण्णांच्या हातात दिली आणि म्हणाले, "नाही होत माझ्याच्यानं. आत्या म्हणाली तेच खरं. आईला नाही आलं, मला नाही येणार."

अण्णा भिंतीला टेकून खाली बसले. वाटी घेतली. माझ्याशी नाही, मुलीशी बोलायला लागले.

"छकुले, तुझी आई झाली ना, तेव्हा तुझी आजी अशीच रडायची. आम्ही एका खोलीत राहायचो. मी सेकंड शिफ्ट करून यायचो, ती भिंतीकडे तोंड करून बसलेली. मी विचारायचो, जेवलीस का? ती म्हणायची, हो. मला तेवढाच एक प्रश्न येत होता." चमचा तिच्या ओठाला लागला. ती चुटूचुटू प्यायली. "सगळे म्हणाले, हिला दूध नाही. मी म्हटलं, नसेल. पावडरच्या दुधाचा डबा आणून दिला. मशीनचा आवाज इकडचा तिकडे झाला तर मला झोपेत कळायचं, आणि ही बाजूला... मी तिला काही विचारलंच नाही गं. कधीच नाही. बायकांचं आहे म्हटलं."

वाटी संपली होती. त्यांनी मुलीला खांद्यावर घेतलं आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिलं.

"मनू, फार दुखतं का? पाजताना काय होतं, मला सांगशील?"

मी सांगितलं. नवऱ्याला नव्हतं सांगितलं ते सगळं. चिरा, कळ, लेकराची वाटणारी भीती, आणि कधी कधी तिला कुणीतरी घेऊन जावं असं वाटतं तेही. बापाला असलं सांगायचं नसतं हे मला आठवलंही नाही. अण्णा मुलीच्या पाठीवरून हात फिरवत ऐकत होते. त्यांनी एकदाही मान खाली घातली नाही. मुलीनं ढेकर दिली, तिचे डोळे मिटले, तरी ते तसेच बसून राहिले.

मग त्यांनी विचारलं, "तुझ्या आईलाही तेव्हा असंच होत असेल, नाही गं?"

मी म्हटलं, "हो, अण्णा."